पणजीच्या शालूला कात्री लावण्याआधी

प्रश्न: ताई, मी खानापूर तालुक्यातली, सध्या नोकरीसाठी बंगळूरला. येत्या माघात माझं लग्न आहे. आमच्या घरी पणजीचा बनारसी शालू आहे. नऊवारी, वांगी रंगाचा, अंगभर बुट्टे आणि रुंद पदर. पंचाहत्तर वर्षं तरी झाली असतील त्याला. पणजी, मग आज्जी, मग आई, तिघीही या घरात आल्या त्या हाच शालू नेसून. मलाही तोच नेसायचा आहे, पण नऊवारीत वावरायची मला सवय नाही. शिवाय माझी उंची पाच फूट सात इंच आणि आज्जी जेमतेम पाच फूट. इथली एक बुटीकवाली म्हणते, मागून फ्युजिंग मारून सोळा कळ्यांचा लेहंगा होईल, उरलेल्यात ब्लाउज. आई म्हणते, लग्नाच्या शालूला कात्री लावणं अपशकुन. काका म्हणतात, जरीवाल्याला घाला आणि त्या पैशात नवी कांजीवरम घ्या. आज्जी एवढंच म्हणाली, "तुला पाहिजे ते कर की, पण मला दाखवू नको." माझ्यामागे दोन चुलतबहिणी आहेत, त्यांचाही या शालूवर जीव आहे. काय करू?
– खानापूरची लेक

पोरी, बुटीकवालीला आधी थांबव. लेहंग्याची हौस असेल तर नव्या कापडाचा खुशाल शिव, पण या शालूचा नको. माझं हे सांगणं भावनेपोटी आहे असं समजू नकोस, कारण कापडातच आहे.

लेहंग्याची कळी वर चिंचोळी आणि खाली रुंद असते, म्हणजे कात्री तिरपी चालते. सोळा कळ्या म्हटल्या की बत्तीस तिरप्या कडा आल्या, आणि वाटेत येणारा प्रत्येक बुट्टा अर्धा तुटला. शालूचा काठ सरळ विणलेला असतो, तो घेराच्या गोलाईला वळत नाही. म्हणून तो कापून वेगळा काढायचा आणि तुकड्यातुकड्यांनी खाली जोडायचा. त्यावर ते फ्युजिंग, म्हणजे गरम इस्त्रीनं चिकटवलेला गोंदाचा थर. नव्या कापडाला चालतो. जुन्या रेशमात मात्र तो गोंद धाग्याधाग्यांत उतरतो, पुन्हा निघत नाही, आणि जिथे गोंद संपतो त्या रेघेवर रेशीम चिरायला लागतं. वर मशीनची बारीक शिलाई मारली की सुईच्या भोकांची रांग तयार होते, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेसारखी. ताण आला की कापड नेमकं तिथेच फाटतं. आणि लेहंग्याचा सगळा भार कमरेच्या त्या एका शिलाईवर लटकतो. तुझं लग्न निभावेल कदाचित, पण तुझ्या बहिणींच्या हातात काय उरेल?

आईच्या अपशकुनाबद्दल. आईला दुखवू नकोस, पण हे तिला नक्की सांग. आपल्याकडे साडीला कात्री लागली नाही असं एकही घर नाही. आज्जीच्या इरकलीतून लेकीचं परकर-पोलकं झालं, त्यातून नातवाची कुंची झाली आणि शेवटी उरलंसुरलं वाकळेत गेलं. बाळंतिणीच्या खोलीत जुन्याच लुगड्याचे मऊ तुकडे लागायचे. अपशकुन असता तर पहिल्या कुंचीलाच झाला असता. आईला भीती कात्रीची नसावी, शालू हातचा जाईल याची असावी, आणि ती भीती खरी आहे. तेव्हा तिच्याशी शकुनावर वाद घालत बसू नकोस. नेमकं काय करणार आहेस आणि काय करणार नाहीस, ते तिला समोर बसून सांग.

काकांचा सल्ला मात्र मला अजिबात पटला नाही. गल्लीत "जुनी जरी, जुना शालू" असं ओरडत येणारा माणूस ती साडी जाळतो, राखेतली चांदी गोळा करतो आणि वजनावर पैसे देतो. विणकराची सगळी कला त्याच्या हिशेबात शून्य. तुमची जरी खरी आहे का, एवढं फक्त बघून ठेव, कारण पुढची काळजी त्यावर ठरते. पदराच्या टोकाला सुटलेला एखादा धागा असेल तर तो बोटांत धरून हळूच उलटा पिळ. खरी जरी असेल तर आत रेशमाचा धागा दिसेल आणि त्याभोवती गुंडाळलेली केसाहून बारीक चपटी तार. ती तार चांदीची, वर सोन्याचं पाणी. तार खरवडून तांबूस रंग निघाला तर आत तांबं आहे. खऱ्या जरीवर काळपट झाक आली असेल तर घाबरू नकोस, चांदी काळवंडतेच. पण चिंच, लिंबू, टूथपेस्ट, भांड्याची पावडर यातलं काही लावायला कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही. सोन्याचा तो थर इतका पातळ असतो की घासल्यावर काळेपणाबरोबर तोही जातो.

आता मुख्य काम. काय शिवायचं हे आज ठरवू नकोस, आधी शालू काय म्हणतो ते बघ. तुझं पत्र श्रावणात आलंय. खानापूरच्या पावसात ट्रंक उघडून शालू बाहेर काढू नकोस, त्या दमट हवेत रेशीम ओल ओढून घेतं आणि बुरशी धरतं. दसरा होऊ दे, हवा कोरडी होऊ दे. माघापर्यंत वेळ भरपूर आहे.

त्या दिवशी घरी ये, हात धुऊन कोरडे कर, क्रीम लावू नकोस, अंगठी-बांगड्या उतरव. खिडकीच्या उजेडात सतरंजी, त्यावर धुतलेली पांढरी चादर. शालू एका टोकाला धरून उचलायचा नाही, झटकायचा तर नाहीच. दोघींनी मिळून घडी घडी उलगडायची आणि बघून झालेला भाग पुठ्ठ्याच्या जाड नळीवर, मलमल गुंडाळून, सैल गुंडाळत जायचा.

सगळ्यात आधी घड्यांच्या रेघा बघ. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेला शालू घडीवरच चिरतो. बारीक उभ्या-आडव्या फटी दिसतील, कधी जरीची तार तुटून केसासारखी वर आलेली असेल. हा दोष दुरुस्त होतो. मग काखेजवळ येणारा भाग आणि कासोट्याचा भाग. आज्जी-पणजींनी शालू काष्ट्याचा नेसला, म्हणजे सगळा ताण मधल्या वारांवर आला. पदर आणि सुरुवातीचं टोक त्या मानानं शाबूत असतात. हे नीट टिपून ठेव, पुढे उपयोगाला येणार आहे. डाग दिसले तर आज्जीला विचार, कशाचे ते तिला ठाऊक असतील. हळदीचा आणि कुंकवाचा डाग वेगळा वागतो, घामाचा वेगळा.

मग शालू उलटा कर आणि एका बुट्ट्याची मागची बाजू जवळून बघ. बुट्ट्याचे धागे बुट्ट्यापाशीच वळून संपले असतील, बाजूला एकही टोक लोंबत नसेल, तर तो कढवा आहे. प्रत्येक बुट्टा स्वतंत्र विणलेला, फार मेहनतीचा. बुट्ट्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या धाग्यांची झालर दिसली, तर धागे आधी या काठापासून त्या काठापर्यंत सोडून मागून कातरलेले आहेत. असे बुट्टे वापरानं सुटतात. ते कापायचे तर नाहीतच, ओढायचेही नाहीत. जोडवी आणि हिरवा चुडा यांत नेमके हेच धागे अडकतात.

शेवटी चादर बघ. शालू उचलल्यावर खाली वांगी रंगाची भुकटी किंवा धाग्यांचे बारीक तुकडे पडलेले दिसले, तर रेशीमच मेलंय. मग तो अंगावर नेसायचा विचार सोडून द्यायचा. त्याचं काय करायचं ते पुढे सांगते.

टेलरकडे जाण्याआधी कापड एखाद्या विणकराला दाखव. बेळगावात शहापूर, वडगाव, खासबागच्या गल्ल्यांत अजून माग चालतात. आता बहुतेक यंत्रमाग झालेत, पण हातमागावर बसलेली जुनी माणसं त्या घरांत आहेत. इकडे सुळेभावी गावातही आहेत. फट उभ्या धाग्याची की आडव्या, रफू धरेल की नाही, हे ती माणसं बोट फिरवून सांगतात. टेलरला शिवणं कळतं, कापड कळेलच असं नाही.

समजा शालू धड निघाला, आणि तुझ्या वर्णनावरून निघेल असं मला वाटतं, तर माझी पहिली पसंती न कापण्याला आहे. नऊवारी सहावारीसारखी नेसता येते. आत परकर, तीन वारांच्या जास्तीच्या निऱ्या. शालू पातळ पोताचा असेल तर भरगच्च निऱ्या फार सुंदर दिसतात. जड असेल तर मात्र पोटापुढे गोळा होतो, आणि मग अख्ख्या समारंभात तू अवघडून बसशील. हे शालूवर करून बघायचं नाही. आज्जीची रोजची नऊवारी इरकल असेल ना, ती घे आणि तिच्यावर घरातल्या घरात दोन-तीनदा नेसून बघ. नेसवायला आज्जीलाच सांग.

न कापता जमलंच नाही, तर एकच काप. सरळ, आडवा, काठापासून काठापर्यंत, बुट्ट्यांच्या दोन ओळींच्या मधून. पदराच्या टोकापासून सहा वार मोजायचे, म्हणजे साधारण साडेपाच मीटर. ती झाली तुझी सहावारी. उरले तीन वार, म्हणजे पावणेतीन मीटर. कासोट्याचा विरलेला भाग नेमका सहा वारांच्या आत येत असेल तर थोडं डोकं चालवावं लागेल. तेवढा भाग मधून काढून दोन्ही तुकडे जोडायचे, पण जोड पहिल्या आतल्या वेढ्यात किंवा निऱ्यांच्या आत आला पाहिजे, पदराखालून तो कुणालाही दिसत नाही. हे मोजमाप कापडावर खडूनं करायचं नाही, कच्च्या दोऱ्याचे सैल टाके घालून करायचं, आणि तसं नेसून बघितल्यावरच कात्री हातात घ्यायची.

उंचीची काळजी करू नकोस. लग्नातली चप्पल घालून कमरेपासून जमिनीपर्यंत माप घे, खोचण्यासाठी तीन इंच धर, आणि शालूचा पन्हा मोज. पन्हा कमी पडला तर वरच्या काठाला, म्हणजे जी बाजू परकरात खोचली जाते तिथे, त्याच रंगाच्या मऊ रेशमाची चार-पाच इंचांची पट्टी हातानं जोडून घे. बाहेरून काही कळत नाही, आणि पुढच्या ठेंगण्या बहिणीला ती उसवून टाकता येते. खालच्या बाजूला काहीही जोडायचं नाही. फॉल लावायचाच, पण तो आधी भिजवून, वाळवून, मग हातानं लावायचा. न भिजवलेला फॉल पुढे आटला की काठ ओढून चुण्या पाडतो.

घडीवरच्या फटींना रफू हवा. फट मोठी असेल तर मागून त्याच रंगाच्या पातळ रेशमाचं ठिगळ लावून, बारीक सुईनं, रेशमी दोऱ्यानं, फटीच्या दोन्ही बाजूंच्या शाबूत कापडापर्यंत टाके न्यायचे. घट्ट ओढायचे नाहीत. चिकटपट्टी, गोंद, इस्त्रीनं चिकटणारी जाळी यातलं काही नको. रोल पॉलिशही नको. नव्या साडीला त्यानं तकाकी येते, जुन्या शालूला मात्र खळ आणि गरम रूळ यांचा मार बसतो. ड्रायक्लीनिंगला देण्याआधी खऱ्या जरीचं काम पूर्वी केलंय का, ते स्पष्ट विचार आणि आतल्या टोकाला, दिसणार नाही अशा जागी, करून बघायला लाव. नुसता डांबरगोळ्यांचा वास असेल तर काही करू नकोस. सावलीत, चादर अंथरलेल्या खाटेवर, रोज तासभर उलटसुलट पसरून ठेव. आठवड्यात वास उतरतो. इस्त्री लागलीच तर उलट्या बाजूनं, वर मलमल ठेवून, मंद.

ब्लाउज शालूतून काढू नकोस. ब्लाउज अंगाला घट्ट बसतो, काखेत घाम येतो. जुनं रेशीम त्यात एका दुपारी जातं. आपल्या गुळेदगुड्डच्या खणाचा शिव, किंवा साध्या नव्या रेशमाचा, काठाच्या रंगाशी जुळता. वांगी शालूवर मोरपंखी खण मला फार आवडतो. तुझा रंग तू ठरव.

आणि लेहंगा? रिसेप्शनला घाल ना. नव्या साध्या रेशमाचा, बुट्टा नको, जरी नको, एकरंगी. त्यावर ओढणी म्हणून शालूचे ते उरलेले तीन वार घे. दोन्ही बाजूंना काठ आहेच, टोकं फक्त हातानं दुमडून घ्यायची. पिन लावायची असेल तर ती कापडातून थेट टोचू नकोस, मागे मलमलीचा तुकडा धरून टोच. बुटीकवालीला हे काम दे, ती आनंदानं करेल. पुढे एखाद्या बहिणीला तोच तुकडा अंतरपाटाला घेता येईल.

शालू मेलेला निघाला तर पदर आणि काठ एवढंच वाचवायचं. नवीन वांगी रेशीम घ्यायचं, त्यावर पदर मलमलीच्या अस्तरासह हातटाक्यांनी बसवायचा. तुला नवी साडी मिळेल आणि पणजीचा पदर खांद्यावर राहील. अर्थात, हे फक्त तेव्हाच. धड शालूचा पदर कापून नव्या साडीला लावण्याची जी टूम निघालीय, ती मला सहन होत नाही.

एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, आणि लग्नघरात तीच नडते. पणजी, आज्जी, आई या तिघींना हा शालू सासरच्यांनी नेसवला. या घरात येणाऱ्या सुनांचा तो मान. तू या घरची लेक, हा शालू नेसून बाहेर जाणारी पहिली. मला यात फार आनंद वाटतो. पण तुझ्या सासरची माणसंही तुझ्यासाठी शालू घेणार, आणि तो अक्षतेला नेसावा अशी त्यांची अपेक्षा असणार. बस्ता बांधायला जाण्याआधी आईला घेऊन सासूबाईंशी मोकळेपणी बोल. "अक्षतेला पणजीचा शालू नेसते, तुम्ही दिलेला वरातीला आणि तुमच्या घरी लक्ष्मीपूजनाला नेसते," असं आधी सांगितलं तर कुणाचा मान दुखावत नाही. ऐन मांडवात कळलं तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं.

आणि आज्जी. "मला दाखवू नको" म्हणाली ती, कारण तिला आधी सांगितलं गेलं आणि विचारलं शेवटी. शालू पणजीचा असला तरी इतकी वर्षं डांबरगोळ्या बदलल्या, उन्हाळ्यात घड्या मोडल्या, जरीवाल्याला दारातून परत पाठवलं, ते सगळं तिनंच केलं असणार. दसऱ्याला ट्रंकेची किल्ली तिच्याच हातात दे. चुलतबहिणींनाही त्या दिवशी बोलव. एकच काप द्यायचा की नाही हे तुम्ही तिघींनी तिच्यासमोर ठरवा, म्हणजे उद्या कुणी कुणाला बोल लावणार नाही. आज्जी नको म्हणाली, तर कापू नकोस. न कापता नेसायची वाट मी वर सांगितलीच आहे.

लग्नाच्या दिवशी होमाजवळ हा शालू नको; एक ठिणगी पुरते. होमाला मामाची पिवळी साडी असू दे. अक्षता हळद-कुंकवानं रंगवतात, त्या ओल्या असल्या की डाग पडतात. घरातल्या बायकांना सांग, अक्षता आदल्या दिवशी रंगवून नीट वाळवा. अत्तर, स्प्रे जे काही मारायचं ते शालू नेसण्याआधी, आणि अंगावर वाळल्यावरच शालू हातात घ्यायचा. नंतर लगेच घडी करून ट्रंकेत टाकू नकोस, रात्रभर सावलीत पसरून ठेव. मग मलमलीत गुंडाळून नळीवर, आणि डांबरगोळी ठेवायचीच तर वेगळ्या पुरचुंडीत, जरीला लागणार नाही अशी.

बुटीकवालीला आगाऊ पैसे दिलेस का, ते लिहिलं नाहीस. दिले असशील तर परत मागत बसू नकोस, नव्या लेहंग्यात वळते कर. आणि शालू खरंच तिच्याकडे गेला असेल, तर येत्या शनिवारी स्वतः जाऊन घेऊन ये, कुरिअरनं मागवू नकोस.